लसीची खूण की रोगाची खूण? जनावरांच्या रक्ताची साक्ष

एखाद्या गाईच्या रक्तात लाळ-खुरकूत रोगाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, तर त्याचा अर्थ काय समजावा? त्या गाईला रोग होऊन गेला, की तिला रोगाची लस टोचण्यात आली होती? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न पशुवैद्यकशास्त्राला अनेक दशके अडवून बसला होता. दूध उत्पादकाचे उत्पन्न, जनावरांच्या बाजारांवरील निर्बंध आणि देशाच्या पशुजन्य मालाची निर्यात या साऱ्या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

या प्रश्नाशी बंगळुरू शहराचा निकटचा संबंध आहे. शहराच्या हेब्बाळ भागात भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे केंद्र असून तेथे लाळ-खुरकूत रोगावरील संशोधन आणि लसनिर्मितीचे काम होत आले आहे. येलहंका परिसरात राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र व माहितीशास्त्र संस्था आहे. ‘निवेदी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. १९८७ साली सुरू झालेल्या समन्वित संशोधन प्रकल्पातून २००० साली प्रकल्प संचालनालय आणि २०१३ साली राष्ट्रीय संस्था असा तिचा विस्तार झाला. कोणत्या भागातील किती जनावरांचे रक्त तपासले म्हणजे साथीचे खरे चित्र कळेल, याचे गणित मांडणे हे या संस्थेचे एक प्रमुख काम आहे.

मारता येत नाही, म्हणून लस

लाळ-खुरकूत हा दोन खुरांच्या जनावरांना होणारा अत्यंत संसर्गजन्य विषाणुजन्य रोग आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांना तो होतो. जनावराला ताप येतो, तोंडातून लाळ गळू लागते, जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. चारा सुटतो, दूध आटते, बैल लंगडू लागतो. मोठी जनावरे बहुधा वाचतात. परंतु वासरांच्या हृदयावर विषाणूचा आघात झाल्यास ती तडकाफडकी दगावतात. बरे झालेल्या संकरित गाई पूर्वीइतके दूध देतीलच याची खात्री नसते. २०१३ साली कर्नाटकात या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा हजारो जनावरे मृत्युमुखी पडली होती.

साथ आटोक्यात आणण्याचे जगात दोन मुख्य मार्ग आहेत. बाधित आणि त्यांच्या संपर्कात आलेली सर्व जनावरे मारून टाकणे हा पहिला मार्ग. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा शिरकाव झाला, तेव्हा कोंबड्यांच्या बाबतीत तोच अवलंबण्यात आला होता. गोवंशाच्या बाबतीत तो भारतात शक्य नाही. बहुतेक राज्यांत गोवंश हत्येवर कायद्याने निर्बंध आहेत. शिवाय दोन-चार जनावरांवर संसार चालवणाऱ्या लाखो कुटुंबांच्या दावणी एकाच वेळी रिकाम्या करणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. त्यामुळे भारतापुढे लसीकरण हाच मार्ग उरतो.

लसीकरणाने मात्र नवा पेच निर्माण होतो. लस यशस्वी झाली म्हणजे जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रोग होऊन गेला तरीही ती तयार होतात. कोट्यवधी जनावरांना लस दिल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे पाहून ‘या भागात रोग उरलेला नाही’ असे म्हणायचे कसे?

बुळकांडीचा धडा

हा पेच किती कठीण असतो, याचा अनुभव भारताने बुळकांडी रोगाच्या निर्मूलनात घेतला आहे. गुरांच्या या महामारीवर संशोधन करण्याच्या गरजेतूनच १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली होती. १८९३ साली ती हिमालयाच्या परिसरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही तिचीच वाढलेली शाखा-संस्थांची परंपरा होय.

बुळकांडीची लस प्रभावी होती. क्षीण केलेल्या जिवंत विषाणूपासून ती बनवलेली असल्याने तिची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकत असे. पण त्या लसीमुळे आलेली प्रतिपिंडे आणि रोगामुळे आलेली प्रतिपिंडे यांत फरक करणारी चाचणी निर्मूलन मोहिमेच्या हाती नव्हती. रोग संपला हे सिद्ध करण्यासाठी म्हणून एकच वाट होती. ती म्हणजे लसीकरण थांबवणे आणि त्यानंतर जन्मलेल्या वासरांचे रक्त तपासणे. त्या वासरांत प्रतिपिंडे आढळली नाहीत, तर विषाणू फिरत नाही असा निष्कर्ष काढता येत असे.

या वाटेत मोठी जोखीम होती. विषाणू एखाद्या कोपऱ्यात दडून राहिला असता, तर लसीचे कवच नसलेल्या नव्या पिढीत त्याने पुन्हा थैमान घातले असते. भारतात बुळकांडीचा अखेरचा उद्रेक १९९५ साली नोंदला गेला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने लसीकरण थांबवून देशभर रक्ततपासणी करण्यात आली आणि मे २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त झाल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याची घोषणा झाली.

लाळ-खुरकूत रोगाच्या बाबतीत अशी जोखीम पत्करणे अधिक अवघड आहे. त्याचे विषाणू अनेक प्रकारचे आहेत. भारतात ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन प्रकार आढळतात आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. मृत विषाणूपासून बनवलेल्या लसीचे संरक्षणही सुमारे सहा महिन्यांत ओसरू लागते. लसीकरण थांबवून वाट पाहत बसणे म्हणजे साथीला आमंत्रण देणे होय. म्हणूनच लस देत असतानाच रोगाचा माग काढणारी चाचणी आवश्यक ठरली.

कवचाची प्रथिने आणि कारखान्याची प्रथिने

या चाचणीचे तत्त्व समजून घेण्यासाठी विषाणूच्या रचनेकडे पाहावे लागते. लाळ-खुरकूत रोगाचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात बंद असलेला आनुवंशिक द्रव्याचा एक धागा. कवच ज्या प्रथिनांचे बनते, त्यांना संरचनात्मक प्रथिने म्हणतात. त्या धाग्यात आणखी काही प्रथिनांचे आराखडे असतात. ही प्रथिने विषाणूच्या कवचाचा भाग नसतात. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढू लागला की त्या कामासाठी ती तयार होतात. त्यांना असंरचनात्मक प्रथिने असे म्हटले जाते. इमारत आणि ती उभारताना लागणारी अवजारे यांच्यात जो फरक आहे, तोच या दोहोंत आहे.

लस तयार करताना विषाणू मोठ्या टाक्यांमध्ये पेशींवर वाढवला जातो. त्यानंतर रसायनाच्या साहाय्याने तो निष्क्रिय केला जातो. पेशींचा चोथा आणि विषाणू वाढताना तयार झालेली असंरचनात्मक प्रथिने शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत शक्य तितकी काढून टाकली जातात. लसीत प्रामुख्याने उरते ते विषाणूचे मृत, परंतु अखंड कवच.

अशी लस टोचलेल्या जनावराच्या शरीरात विषाणू वाढत नाही. त्यामुळे त्याची ओळख फक्त कवचाशी होते आणि कवचाविरुद्धचीच प्रतिपिंडे तयार होतात. प्रत्यक्ष रोगाची लागण झालेल्या जनावरात विषाणू पेशींमध्ये वाढतो, त्याची ‘अवजारे’ बाहेर पडतात आणि त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात. रक्तात असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर तेथे कधी तरी जिवंत विषाणू वाढून गेला असे मानण्यास आधार मिळतो.

लागण झालेले आणि लस दिलेले जनावर वेगळे ओळखण्याच्या या तत्त्वाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डिव्हा’ असे नाव पडले आहे. नेदरलँड्समधील विषाणुशास्त्रज्ञ यान व्हान ऑर्सखॉट यांनी १९९९ साली ही संज्ञा रूढ केली. त्याआधी डुकरांच्या एका विषाणुजन्य रोगावरील लसीत विषाणूचे एक प्रथिन मुद्दाम वगळून हे तत्त्व यशस्वीपणे वापरण्यात आले होते. वगळलेल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तर ती लसीची नव्हेत, हे उघड होते.

दोन चाचण्या, चार निष्कर्ष

प्रत्यक्ष तपासणीसाठी जनावराच्या मानेतील शिरेतून काही मिलिलिटर रक्त घेतले जाते. रक्त गोठल्यावर वर येणारे पिवळसर रक्तजल वेगळे करून थंड अवस्थेत प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. तेथे ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीवर एलायझा पद्धतीची चाचणी होते. खळग्याच्या तळाशी विषाणूचे ठरावीक प्रथिन आधीच चिकटवलेले असते. रक्तजलात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती त्या प्रथिनाला धरून राहतात आणि पुढील रासायनिक क्रियेत रंग उमटतो. रंगाची तीव्रता यंत्राने मोजली जाते.

असंरचनात्मक प्रथिनांपैकी ‘३एबी३’ या प्रथिनावर आधारलेली देशी चाचणी लाळ-खुरकूत रोगावरील राष्ट्रीय संशोधन संस्थेने विकसित केली आहे. पूर्वी मुक्तेश्वर येथे असलेली ही संस्था आता भुवनेश्वर येथे आहे. देशी चाचणीमुळे परदेशी संचांवरील अवलंबित्व कमी झाले आणि मोठ्या संख्येने नमुने तपासणे शक्य झाले.

कवचाविरुद्धची आणि असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची अशा दोन्ही चाचण्या केल्या, तर चार शक्यता संभवतात. दोन्ही चाचण्या नकारार्थी आल्या, तर जनावराला ना लस लाभली ना रोग झाला. ते असुरक्षित आहे. केवळ कवचाची चाचणी होकारार्थी आली, तर लसीने आपले काम केले आहे. दोन्ही होकारार्थी आल्या, तर लस दिलेली असो वा नसो, जनावराला लागण होऊन गेली असण्याची शक्यता आहे. केवळ असंरचनात्मक प्रथिनांची चाचणी होकारार्थी आली, तर निकाल संशयास्पद मानून पुन्हा तपासणी करावी लागते.

एका जनावराचा नव्हे, कळपाचा निवाडा

या चाचणीला मर्यादा आहेत आणि त्या ध्यानात घेतल्याखेरीज तिचा निकाल वाचता येत नाही.

पहिली मर्यादा लसीच्या शुद्धतेची आहे. लसीत असंरचनात्मक प्रथिनांचे अंश राहून गेले आणि तीच लस जनावराला वर्षानुवर्षे टोचली गेली, तर निरोगी जनावरही बाधित असल्याचा आभास होऊ शकतो. शुद्ध लस ही अचूक चाचणीची पूर्वअट ठरते ती यामुळेच.

दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. लस दिलेल्या जनावराला विषाणूचा संसर्ग झाला, तर लसीमुळे विषाणूची वाढ अल्प प्रमाणात होते. असंरचनात्मक प्रथिने इतकी कमी तयार होतात की प्रतिपिंडे चाचणीच्या टप्प्यात येत नाहीत. असे जनावर आजारी दिसत नाही. तरीही त्याच्या घशात विषाणू दीर्घकाळ तग धरून राहू शकतो.

तिसरी मर्यादा काळाची आहे. ही प्रतिपिंडे लागण झाल्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात आणि अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. होकारार्थी निकालाचा अर्थ ‘आज रोग आहे’ असा नसून ‘कधी तरी लागण झाली होती’ एवढाच असतो. लहान वासरांत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडेही निकालात गोंधळ घालू शकतात.

संख्याशास्त्राचाही एक मुद्दा आहे. समजा, एखादी चाचणी शंभर निरोगी जनावरांपैकी दोघांना चुकून बाधित ठरवते. ज्या भागात रोग मुळीच नाही, तेथील हजार जनावरे तपासली, तरी सुमारे वीस जनावरे बाधित भासतील. त्यांच्या मालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. म्हणून अशा जनावरांची वेगळ्या पद्धतीने फेरतपासणी होते, त्याच गोठ्यातील इतर जनावरे पाहिली जातात आणि होकारार्थी निकाल एका ठिकाणी एकवटले आहेत की सर्वत्र विखुरले आहेत याचा विचार केला जातो. विषाणू खरोखर फिरत असेल, तर बाधित जनावरे गटागटाने आढळतात. विखुरलेले एकेकटे निकाल बहुधा चाचणीच्या चुकीचे द्योतक असतात. नमुने कोठून आणि किती घ्यावेत याची शास्त्रशुद्ध आखणी म्हणूनच चाचणीइतकीच महत्त्वाची मानली जाते.

युरोपने मोजलेली किंमत

अशा चाचणीवर विश्वास नसला तर काय घडते, हे २००१ साली युरोपात दिसले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ-खुरकूत रोगाची साथ आली आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. साथ नेदरलँड्समध्ये पोहोचली, तेव्हा तेथील शासनाने बाधित भागातील जनावरांना लस दिली. परंतु लस दिलेली जनावरे जिवंत ठेवल्यास देशाला रोगमुक्त दर्जा परत मिळण्यास विलंब होणार होता. परिणामी लस दिलेली निरोगी जनावरेही मारण्यात आली. सुमारे २ लाख ६० हजार जनावरे तेथे नष्ट झाली.

या घटनांवर युरोपात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. २००२ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने आपले निकष बदलले. लस दिलेली जनावरे जिवंत ठेवली आणि असंरचनात्मक प्रथिनांच्या चाचणीने विषाणू फिरत नसल्याचे दाखवून दिले, तर रोगमुक्त दर्जा परत मिळवण्याची मुदत एका वर्षावरून सहा महिन्यांवर आणण्यात आली. लस दिलेल्या जनावराला जगू देण्याचा मार्ग एका रक्तचाचणीमुळे मोकळा झाला.

सर्व लसींना ही सोय नाही

हे तत्त्व प्रत्येक रोगाला सारखे लागू पडत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगावरील लसी क्षीण केलेल्या जिवंत विषाणूच्या आहेत. लस टोचल्यावर विषाणू शरीरात थोडाबहुत वाढतोच. त्यामुळे लसीची आणि रोगाची प्रतिपिंडे प्रचलित चाचण्यांनी वेगळी करता येत नाहीत. २०३० सालापर्यंत हा रोग जगातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट असल्याने बुळकांडीच्या वेळचाच पेच येथे पुन्हा समोर उभा आहे.

ब्रुसेलोसिस अर्थात सांसर्गिक गर्भपात या रोगात आणखी निराळी अडचण आहे. तो जिवाणूमुळे होतो आणि कच्च्या दुधातून व बाधित जनावरांच्या संपर्कातून माणसालाही होऊ शकतो. भारतात वापरली जाणारी ‘एस-१९’ ही लस दिल्यावर तयार होणारी प्रतिपिंडे नेहमीच्या ‘रोझ बेंगाल’ चाचणीत रोगासारखीच दिसतात. म्हणून ही लस केवळ चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच दिली जाते. कालवड वयात येईपर्यंत लसीची प्रतिपिंडे ओसरतात आणि पुढे आढळणाऱ्या प्रतिपिंडांकडे संशयाने पाहता येते. अमेरिकेत १९९६ पासून वापरात आलेल्या ‘आरबी-५१’ या लसीत ज्या घटकावर ही चाचणी आधारलेली आहे, तोच घटक नसल्याने तेथे हा गोंधळ होत नाही.

कानातील बिल्ल्याचे महत्त्व

देशात लाळ-खुरकूत नियंत्रण कार्यक्रम २००३-०४ साली ५४ जिल्ह्यांत सुरू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्ही रोगांसाठी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा प्रारंभ मथुरा येथे झाला. त्यासाठी १३ हजार ३४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर करण्यात आली. वर्षातून दोनदा लसीकरण, जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आणि लसीकरणापूर्वी व नंतर रक्तनमुन्यांची तपासणी हे त्याचे मुख्य भाग आहेत.

कानात बिल्ला मारण्यास किंवा रक्त काढू देण्यास अनेक पशुपालक नाखूश असतात. गाभण गाईला किंवा दुभत्या म्हशीला त्रास होईल, दूध घटेल, अशी धास्ती त्यामागे असते. परंतु बिल्ल्याशिवाय जनावराला लस केव्हा आणि किती वेळा दिली हे कळत नाही, आणि तो इतिहास ठाऊक नसेल तर प्रयोगशाळेतील निकालाचा अर्थ लावता येत नाही.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमाभागाला हे विशेष लागू पडते. दरवर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातील ऊसतोड मजूर आपल्या बैलजोड्यांसह पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. बैलबाजार आणि यात्रांमध्ये दोन्ही राज्यांची जनावरे एकत्र येतात. राज्याची सीमा विषाणूला ठाऊक नसते. एका बाजूला काटेकोर लसीकरण झाले आणि दुसऱ्या बाजूला त्यात खंड पडला, तर दोन्हीकडचे श्रम वाया जातात.

लसीकरण चालू ठेवूनही एखादा प्रदेश रोगमुक्त असल्याचे सिद्ध करता येते आणि ‘लसीकरणासह रोगमुक्त’ असा दर्जा आंतरराष्ट्रीय नियमांत मान्य आहे. बुळकांडीच्या वेळी रोग संपल्याची खात्री पटवण्यासाठी लसीचे कवच उतरवावे लागले होते. लाळ-खुरकूत रोगात ते उतरवण्याची गरज नाही. त्यासाठी शुद्ध लस, वेळेवर टोचलेली मात्रा, प्रामाणिक नोंद आणि योग्य ठिकाणचा रक्तनमुना या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यांपैकी एक जरी निसटली, तरी तबकडीवर उमटलेला रंग लसीचा की रोगाचा, हा मूळ प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहतो.